पाय कापल्यानंतर, स्नायू झिजत असताना, संसर्ग सरल्यावर: घरच्यांसाठी पुनर्वसनाची सुरुवात

पुनर्वसन म्हटलं की बहुतेक घरांत एखाद्या वस्तूची वाट पाहिली जाते. कृत्रिम पाय कधी मिळेल, व्हीलचेअर कधी येईल, पट्टे कधी बसवतील. पण पुढचं वर्ष कसं जाणार हे ती वस्तू येण्याआधीच्या आठवड्यांत ठरत असतं, आणि तेही घरी, अंथरुणावर. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला तर कितीही महाग पाय आणला तरी चाल सुधारत नाही. टाचेखाली जखम झाली तर चालण्याचा सराव महिनाभर थांबतो. म्हणून दवाखान्यातून घरी येण्याच्या दिवसापासून काय करायचं, किती करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथे लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पाय गेलेला माणूस, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा (स्नायू झिजत जाण्याच्या आजाराचा) मुलगा आणि जीबीएसमधून (संसर्गानंतर नसांवर येणाऱ्या आजारातून) उठणारा रुग्ण, तिघेही फिजिओच्या एकाच खोलीत दिसतात. शेजारची मंडळी तिघांनाही एकच सल्ला देतात, ‘रोज थोडं थोडं वाढव, जोर लाव.’ हा सल्ला पहिल्याला लागू पडतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो थेट नुकसान करतो. तिसऱ्याला तो आजाराच्या काही टप्प्यांवर चालतो, काहींवर नाही.

पाय कापल्यानंतरचे पहिले आठवडे

कापल्यानंतर उरलेल्या भागाला सगळीकडे स्टंप म्हणतात, तोच शब्द इथेही वापरू. गुडघ्याखाली कापलेला असेल तर बीके आणि गुडघ्यावर कापलेला असेल तर एके, ही अक्षरं तुमच्या कागदांवर दिसतील. दोन्हींत काळजीचं तत्त्व एकच, पण आखडणारा सांधा वेगळा. बीकेमध्ये मुख्यतः गुडघा आखडतो, एकेमध्ये खुबा.

उशीपासून सुरुवात करा. दुखतंय म्हणून मायेने गुडघ्याखाली उशी सारली जाते, दोन मांड्यांच्या मध्येही एक ठेवली जाते. या दोन्ही काढून टाका. उशीमुळे तेवढ्यापुरता आराम पडतो, पण गुडघ्यामागचे आणि खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड होत जातात आणि काही आठवड्यांत सांधा सरळच होईनासा होतो. खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसताना स्टंप खाली लोंबकळू देऊ नका. सीटखाली एक गुळगुळीत फळी सरकवा, तिचं पुढचं टोक स्टंपखाली येईल इतकी लांब, वर घडी घातलेली चादर. गुडघा सरळ राहतो आणि सूजही कमी येते.

दिवसातून दोन-तीन वेळा १५ ते २० मिनिटं पालथं झोपायचं. मान चांगल्या पायाच्या बाजूला वळवायची, पोटाखाली उशी नको. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, पालथं जमत नसेल, तर उताणं झोपून चांगला गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचा आणि स्टंपची मांडी गादीवर सपाट दाबून धरायची. एकेच्या रुग्णाने हे एकही दिवस चुकवू नये. खुब्याची आखडण नंतर व्यायामाने निघणं फार अवघड जातं.

क्रेप बँडेज कसं बांधायचं

यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. बीकेसाठी ४ इंची पट्टी, एकेसाठी ६ इंची. कमीत कमी दोन जोड घ्या, एक अंगावर आणि एक धुवून वाळत. धुतल्यावर पिळू नका आणि दोरीवर टांगू नका, सावलीत सपाट पसरून वाळवा, नाहीतर पट्टीचा ताण निघून जातो. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे पाय कापावा लागला असेल किंवा जखम अजून ओली असेल, तर पट्टी बांधायची का आणि किती घट्ट, हे सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

१. (ही पद्धत बीकेच्या स्टंपसाठी आहे.) रुग्णाने पलंगाच्या कडेला बसायचं, गुडघा सरळ.

२. पट्टीचं टोक गुडघ्याच्या वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला धरायचं आणि गुंडाळी तिरकी खाली आणून स्टंपच्या टोकावरून मागे न्यायची.

३. मागून तिरकीच वर आणून पुढे पहिल्या पट्टीला छेद द्यायचा. इंग्रजी आठचा आकडा तयार झाला पाहिजे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्म्याहून जास्त भाग झाकेल. टोकाचे दोन्ही कोपरे पूर्ण झाकले गेले आहेत का, बघा. उघडा राहिलेला कोपरा सुजून बाहेर येतो.

४. ताण टोकाशी सर्वांत जास्त, वर येताना कमी कमी. शेवटी एक वेढा गुडघ्याच्या वर मांडीवर घ्यायचा, म्हणजे पट्टी घसरत नाही. वाटी मोकळी ठेवायची. टोक चिकटपट्टीने बसवायचं; पिन किंवा धातूची क्लिप नको, कारण बधिर झालेल्या त्वचेला टोचलेलं कळत नाही.

५. दर चार-सहा तासांनी, आणि ढिली झाली की लगेच, सोडून पुन्हा बांधायची. मध्ये दहा मिनिटं त्वचा उघडी ठेवून नीट बघायची. ठणका वाढला, मुंग्या आल्या, त्वचा निळसर किंवा थंड लागली तर त्याच क्षणी सोडायची.

गोल गोल वेढे कधीही नकोत. गोल वेढा वर आवळतो आणि खालची सूज खालीच अडकते, मग स्टंप दुधी भोपळ्यासारखा टोकाशी फुगीर होतो आणि सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या पोकळ भागात स्टंप बसतो त्यात, उतरतच नाही. घरात रोज नीट बांधणारं कोणी नसेल तर जखम भरल्यावर तयार मोजा मिळतो, त्याला श्रिंकर म्हणतात. वाकडीतिकडी बांधलेल्या पट्टीपेक्षा तो केव्हाही बरा.

दर आठवड्याला, सकाळी पट्टी काढल्या काढल्या, शिवणकामाच्या टेपने घेर मोजा. वाटीच्या खालच्या कडेपासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पेनाने खुणा करून, दर वेळी त्याच खुणांवर. आकडे वहीत लिहा. सलग दोन आठवडे माप जवळपास तेच येऊ लागलं आणि जखम पूर्ण बंद झाली की कृत्रिम पायाचं माप द्यायला जाता येतं. जखम सरळ भरली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हा टप्पा येतो. मधुमेहात जास्त वेळ लागतो, आणि त्यात घाई केल्याने फायदा काहीच नाही.

व्यायाम, आणि रात्रीचा धोका

टाक्यांना ताण न देता, सर्जनने हो म्हटल्यावर, पुढचे व्यायाम सुरू करा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा. उताणं झोपून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून गुडघा तिच्यावर दाबायचा आणि पाच आकडे धरायचा, झालं की गुंडाळी काढून घ्यायची. गुडघा सरळ ठेवून पाय वितभर उचलायचा. चांगल्या बाजूच्या कुशीवर झोपून स्टंप छताकडे उचलायचा. पालथं झोपून मांडी मागे उचलायची. बसून दोन्ही हात गादीवर टेकून कंबर उचलायची, कारण पुढे कुबड्या दंडांच्या बळावरच पेलायच्या आहेत. श्वास रोखून कोणताही व्यायाम करायचा नाही. रक्तदाब एकदम वाढतो. चांगल्या पायावर स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाच उचलणंही यातच धरा.

कुबड्यांची उंची दुकानात ठरवून घ्या. काखेत आणि कुबडीच्या माथ्यात दोन-तीन बोटं अंतर हवं आणि मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं. वजन तळहातावर घ्यायचं, काखेवर नाही. काखेत रेलून उभं राहिल्याने मनगट उचलणारी नस काखेत दबते आणि हात लुळा पडतो, असे रुग्ण येतात. खालचं रबर झिजलं की लगेच बदला, ओल्या फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे पडणं ठरलेलं. मधुमेहाच्या रुग्णाने एका पायावर उड्या मारत घरभर फिरू नये. दुसऱ्या पायावरचा भार दुप्पट होतो आणि पुढची जखम तिथेच होते. अशा वेळी व्हीलचेअर वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

गेलेला पाय अजून आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. बोटं हलतात, तळव्याला खाज येते. हे वेड नव्हे, मेंदूतला नकाशा अजून तसाच असतो. त्याचाच एक धोका असा की रात्री झोपेतून उठून माणूस नसलेल्या पायावर उभा राहायला जातो आणि पडतो, कधी थेट टाक्यांवरच. वॉकर पलंगाला लागून ठेवा, मंद दिवा रात्रभर जळू द्या, पहिले काही आठवडे लघवीचं भांडं हाताशी ठेवा.

नसलेल्या पायात वेदना होत असतील तर स्टंपवर मऊ कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल असं क्रमाने रोज पाच मिनिटं फिरवायचं, नंतर बोटांनी हलके टपटप करायचं. आरशाचा व्यायाम हा दुसरा उपाय. तो १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवायचा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसावं, आणि त्याकडे बघत चांगला पाय सावकाश हलवायचा, रोज १५ मिनिटं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघायला आरशापलीकडे खर्च नाही. नसांच्या वेदनेची औषधं वेगळी असतात. साध्या वेदनाशामकाने थांबत नाही म्हणून गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टरांना ‘नसलेल्या पायात दुखतं’ असंच स्पष्ट सांगा.

कृत्रिम पाय आल्यावर

पुण्यात या कामाचा वारसा जुना आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जखमी सैनिकांसाठी सुरू झालं आणि तिथे नागरिकांनाही घेतलं जातं. जयपूर फूट १९६८ च्या सुमाराचा, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून घडवलेला. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, शेतात उतरता यावं हा त्यामागचा विचार होता, आणि आपल्याकडच्या राहणीला तो आजही सोयीचा आहे. कोणता पाय घ्यायचा हे किमतीपेक्षा वजन, काम, घरातल्या बसण्याउठण्याच्या सवयी आणि दुरुस्ती जवळ कुठे होते यांवर ठरवा. मोफत शिबिरातला पाय घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा: दोन महिन्यांनी सॉकेट सैल झालं तर कुणाकडे यायचं?

कारण सॉकेट सैल होणारच. पहिलं वर्षभर स्टंप आकसत राहतो. दिवसाच्या शेवटीही तो सकाळपेक्षा थोडा बारीक असतो. त्यावर उपाय मोज्यांचा. मोज्याची जाडी प्लायमध्ये मोजतात. पाय आत वरखाली होऊ लागला, चालताना पचपच आवाज आला किंवा वाटीच्या टोकावर दाब येऊ लागला तर एक प्लाय वाढवा. पाय पूर्ण आत जात नसेल तर एक कमी करा. एकूण दहा-पंधरा प्लाय लागू लागले की मोजे वाढवणं थांबवून सॉकेट बदलून घ्या.

पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, त्यात चालणं दहा-पंधरा मिनिटं. मग काढून त्वचा बघायची. लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक. वीस मिनिटांनंतरही राहिली तर त्या दिवशी पुन्हा घालायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जायचं. सगळं ठीक असेल तर रोज अर्धा ते एक तास वाढवा. लाली कुठे आहे हे वेळेइतकंच महत्त्वाचं. बीकेमध्ये वाटीच्या लगेच खाली, जाड शिरेवर लाली आली तर चालते, तिथे भार घेण्यासाठीच सॉकेट दाबलेलं असतं. नडगीच्या धारेवर, बाहेरच्या हाडाच्या गाठीवर किंवा अगदी टोकाला लाली आली तर ती चालत नाही. टोकाची त्वचा जांभळट, जाड, चामखिळीसारखी होऊ लागली तर टोक तळाला टेकत नाहीये आणि वरून आवळलं जातंय असा त्याचा अर्थ. असा पाय वापरत राहू नका. सॉकेट घरी कानशीने घासणं, आत स्पंजाचे तुकडे चिकटवणं, हे सगळं टाळा. एका जागेचा दाब काढताना दुसरी जागा बिघडते.

स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही. ओलसर त्वचा फुगते आणि लायनरला (सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणाला) चिकटून सोलवटते. साधा साबण, भरपूर पाणी, टिपून कोरडं करणं, एवढं पुरे. केस काढू नका, पुळ्या येतात. लायनर रोज धुवायचा, सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसायचं. पावसाळ्यात मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून निदान सहा मोजे हवेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकदा पाय काढून घाम टिपून घ्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पाय ठेवू नका, प्लास्टिकचं सॉकेट तापून वेडंवाकडं होऊ शकतं. आणि ज्या टाचेच्या उंचीवर पाय बसवला तेवढ्याच उंचीची चप्पल वापरा. एक इंच जास्त टाच म्हणजे गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस सारखा पडायला होतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम आधी. पेठांतल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, कठड्याऐवजी दोरी असते. तिथे सुरुवातीचे महिने बसून एकेक पायरी चढणं हाच सुरक्षित मार्ग. मोरीत प्लास्टिकची खुर्ची, तिच्या चारही पायांना रबर, आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा. नळाला धरून उठणं बंद करा. नळ माणसाचं वजन घेण्यासाठी बसवलेला नसतो.

स्नायू झिजण्याचे आजार

इथे मुख्यतः ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीबद्दल लिहितो आहोत, कारण लहान मुलांत हीच जास्त आढळते आणि घरच्यांच्या प्रेमळ चुकाही यातच जास्त होतात. मुलगा तीन-चार वर्षांचा होतो, पळताना मागे पडतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतो, पोटऱ्या मात्र जाडजूड दिसतात. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एंझाइम) हजारांच्या घरात असतं. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले म्हणून यकृताचा आजार समजून महिनोन्‌महिने उपचार होतात. हे दोन्ही स्नायूंतूनही येतात. म्हणून अशा मुलाचं सीपीके आधी बघा. निदान जनुकीय तपासणीने पक्कं होतं, आणि ते झालं की आईची व बहिणींची तपासणीही सल्ल्याने करून घ्यावी.

या मुलांच्या स्नायूपेशीचं आवरण कमकुवत असतं. जोर लावला की ते फाटतं आणि पुन्हा तसंच भरत नाही. त्यातही लांबत जाणाऱ्या स्नायूवर भार येणं सर्वांत वाईट, म्हणजे जिना उतरणं, उतारावरून पळणं, बैठका, उड्या. म्हणून जिमसारखी वजनं नाहीत, दमेपर्यंत सायकल नाही, जोराचं मालिश नाही. पोहणं किंवा पाण्यात चालणं चांगलं, सपाट जागी आपल्या गतीने चालणंही चांगलं. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर आदल्या दिवशी जास्त झालं. लघवी कोकम सरबताच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

रोज करायचा तो ताण, आणि तो मुलाने नव्हे, मोठ्याने द्यायचा. मूल उताणं, गुडघा सरळ. एका हाताने टाच तळहातात घ्यायची, पाऊल तुमच्या मनगटावर टेकवायचं आणि टाच खाली ओढत पाऊल वर न्यायचं. ३० आकडे धरा, पाच वेळा, दोन्ही पायांना. झटका नको, रडेल इतकं नको. मग मांडीमागचे स्नायू, खुब्याची पुढची बाजू. हात कमजोर होऊ लागले की मनगट आणि बोटंही. रात्री घोटा ९० अंशांत धरणारे पट्टे, म्हणजे एएफओ, घालून झोपवायचं. मुलगा अजून चालत असेल तर हे कडक पट्टे दिवसा चालताना घालू नका. तो चवड्यांवर चालतो ते सवय म्हणून नव्हे, कमजोर मांडीला सांभाळण्यासाठी. तो तोल हिरावला की चालणंच थांबतं. याच कारणाने टाचेची शीर लांब करण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय एका सल्ल्यावर घेऊ नये.

व्हीलचेअर आणली की मुलगा चालायचं सोडेल, ही भीती घरोघरी असते. खरं तर उलट आहे. शाळेच्या लांब वाटेवर खुर्ची वापरली तर वर्गात उभं राहायला ताकद उरते. चालणं थांबल्यावर पाठ वाकडी होऊ लागते, त्यामुळे झोळीसारखी खोलगट सीट नको. तळ कडक, पाठ कडक, कंबरेला दोन्ही बाजूंनी आधार. शाळेशी बोलून वर्ग तळमजल्यावर मागून घ्या आणि पुस्तकांचा दुसरा संच वर्गातच ठेवा. उचलताना काखेत हात घालू नका, खांदे इतके सैल असतात की मूल हातांतून निसटतं. एक हात पाठीमागून, एक मांड्यांखालून.

स्टिरॉइड सुरू असेल तर ते एकदम बंद करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर ती तातडीची बाब समजा. हृदयाचा इको दर वर्षी, लक्षणं नसली तरी. सकाळी डोकं दुखणं, रात्री दचकून उठणं, वर्गात झोप येणं, ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची चिन्हं. अशा मुलाला नुसता ऑक्सिजन लावणं धोक्याचं ठरू शकतं, बायपॅपची, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची, गरज असते. साधी सर्दीही हलक्यात घेऊ नका, खोकल्याची ताकद कमी असल्याने कफ आत साचतो. फ्लूची लस दर वर्षी द्या. आणि एक चिठ्ठी कायम पाकिटात असू द्या: ‘मस्क्युलर डिस्ट्रॉफी. सक्सिनिलकोलीन आणि हुंगण्याची भूल टाळावी.’ दात काढायला गेलात तरी ती दाखवा.

संसर्गानंतरची कमजोरी: जीबीएस

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण एकदम वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. जुलाब बरे होतात, त्यानंतर एक-दोन आठवड्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांपासून मुंग्या, मग जिना चढवेना, मग हात. असं दिसलं तर घरी मालिश करत बसू नका. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. वीसपर्यंत पोहोचत नसेल, पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज नाकातून येत असेल तर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्या. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार जितके लवकर दिले तितके जास्त उपयोगी. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळायचं, चिकन आतून गुलाबी राहू द्यायचं नाही.

कमजोरी वाढत जाण्याचा काळ चार आठवड्यांपर्यंतचा. या काळात व्यायाम नाही, फक्त जपणूक. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली मऊ घडी ठेवा, गुडघ्याखाली नको. पावलं फळीला टेकवून ९० अंशांत. प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा हळुवार पूर्ण फिरवा, पण लुळा हात दंडाला धरून ओढू नका, खांदा निखळतो.

वाढ थांबली, पहिली हालचाल परत आली, की खरी कसोटी सुरू होते, कारण सगळ्यांनाच घाई झालेली असते. नियम सोपा ठेवा: जो हात किंवा पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येत नाही त्याला वजन, रबरबँड किंवा हाताचा विरोध द्यायचा नाही. तोवर आधार देऊन हालचाल करायची. व्यायाम पाच-दहा मिनिटांचे, दिवसातून चार-पाच वेळा, मध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताकद कालच्यापेक्षा कमी वाटली तर निम्म्यावर या. पहिल्यांदा बसवताना-उभं करताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पलंगाचा माथा टप्प्याटप्प्याने उचला, जवळ दोन माणसं ठेवा. पाऊल लोंबत असेल तर हलका प्लास्टिकचा एएफओ चालताना घालायचा, तो कायमचा नसतो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे नसेचा आतला तंतू तुटला असेल तर कंबरेपासून पावलापर्यंत पोहोचायला तिला महिने नव्हे, दोन-तीन वर्षं लागू शकतात. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, थकवा मात्र त्यानंतरही बराच काळ राहतो. तो आळस नव्हे. कामावर परतताना आधी अर्धवेळ मागून घ्या.

बधिर पाऊल

मधुमेह आणि कुष्ठरोग, दोन्हींत पावलाची जाणीव जाते आणि काटा रुतलेला कळत नाही. पाय कापण्याची वेळ बहुधा अशा न कळलेल्या जखमेतल्या संसर्गामुळेच येते. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. पायाने पाणी किती गरम ते अजमावू नका, कोपराने अजमावा. शेकायची पिशवी पूर्ण बंद. देवळाबाहेर चप्पल काढल्यावर उन्हाळ्यातली फरशी तळवा भाजून काढते आणि फोड घरी आल्यावर दिसतो. जाड मोजे बरोबर ठेवा. कुरुपाला ब्लेड लावू नका, दुकानातली कुरुपाची पट्टीही नको, तिच्यातलं आम्ल चांगली त्वचाही खातं. तळवे भेगाळलेले असतील, पण उघडी जखम नसेल, तर साध्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून, घट्टा खरबरीत दगडाने हलकेच घासून, ओलं असतानाच खोबरेल लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नको. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि बधिर पावलांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला असतात. कोंढव्याचं डॉ. बांदोरवाला रुग्णालय याच कामासाठी आहे. जखमेभोवती लाली पसरू लागली, वास आला, ताप आला किंवा कारण नसताना साखर चढली तर सकाळची वाट पाहू नका.

कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अवयव गमावणं, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि कुष्ठरोगातून बरे झालेले लोक हे त्यांत येतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणीसाठी पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे आणि तपासण्यांचे अहवाल, मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्या. जीबीएसच्या रुग्णाची कमजोरी अजून बदलत असते, म्हणून त्याला ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. मुदत संपण्याआधी फेरतपासणीला जायचं लक्षात ठेवा. कृत्रिम पाय, कुबड्या, व्हीलचेअर यांसाठी केंद्र सरकारची एडीआयपी योजना आहे, तिला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून स्टंपचं माप वहीत लिहायला सुरुवात कराल त्याच आठवड्यात दाखल्याचा अर्जही टाका.